टंगस्टन केंद्राकडे का सरकतो: जेट टोकामॅकमधील एक प्रकरण अभ्यास

ऑगस्ट २०११ मध्ये इंग्लंडमधल्या कल्हम इथला जेट टोकामॅक, म्हणजे अतितप्त प्रभारित वायू (प्लाझ्मा) चुंबकांनी कंकणाकृती कक्षात धरून अणूंचे संलयन घडवणारे यंत्र, जवळपास दोन वर्षांच्या खंडानंतर पुन्हा चालू झाला. चुंबक जुनेच होते, निर्वात कक्षही जुनाच. आतली भिंत मात्र पूर्ण बदलली होती. कार्बनच्या फरश्या काढून मुख्य कक्षात बेरिलियम आणि तळाच्या डायव्हर्टरमध्ये, म्हणजे बाहेर पडणारी उष्णता आणि कण झेलणाऱ्या भागात, टंगस्टन बसवला होता. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या इटर या मोठ्या टोकामॅकसाठी तेव्हा हीच जोडी ठरली होती, म्हणून जेटच्या या रूपाला ‘इटरसारखी भिंत’ असे नाव पडले. भिंत ज्यासाठी बदलली तो हेतू साधला. पण अनेक प्रयोगांत नवेच काहीतरी दिसू लागले. प्लाझ्मा सुरुवातीला उत्तम तापे, आणि थोड्याच वेळात त्याच्या मध्यभागी टंगस्टन जमून मध्य थंड पडे.

हे का होत होते आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत ते कसे आटोक्यात आले, याचा हा अभ्यास आहे. भिंतीवरून टंगस्टन किती उडतो हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. तरी जेटचा हा काळ नीट पाहिल्यावर माझे मत असे झाले की निकाल ठरतो तो टंगस्टन आत शिरल्यानंतर. एका प्लाझ्माला संपवणारा टंगस्टन दुसऱ्या प्लाझ्माच्या कडेलाच अडकून राहू शकतो. घनता आणि तापमान कोणत्या बाजूला किती उतरते, यावर सगळे अवलंबून असते.

कार्बन का काढला

प्लाझ्माच्या दृष्टीने कार्बन फार सोयीचा पदार्थ आहे. त्याचा अणुक्रमांक ६. काही कोटी अंश तापमानात त्याचे सहाही इलेक्ट्रॉन निघून जातात आणि मग तो फारशी ऊर्जा उत्सर्जित करत नाही. शिवाय तो वितळत नाही. ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची जड रूपे वापरून जेटने १९९७ मध्ये १६ मेगावॅट संलयनशक्तीचा उच्चांक गाठला, तो कार्बनच्याच भिंतीत. दोष होता तो रसायनाचा. हायड्रोजनची समस्थानिके कार्बनशी संयोग पावतात, भिंत झिजते, आणि झिजलेला कार्बन कक्षाच्या थंड कोपऱ्यांत पुन्हा साचताना ट्रिटियमलाही सोबत गाडतो. १९९७ च्या मोहिमेत सुमारे ३५ ग्रॅम ट्रिटियम यंत्रात सोडला गेला आणि त्याचा मोठा हिस्सा असाच भिंतीत अडकला. किरणोत्सारी आणि दुर्मीळ इंधनाची ही नासाडी कुठल्याही वीज देणाऱ्या यंत्राला परवडणार नाही.

नव्या भिंतीने हे दुखणे बरे केले. अडकणाऱ्या इंधनाचे प्रमाण एक दशांशाहूनही खाली आले. बेरिलियमचा अणुक्रमांक अवघा ४, त्यामुळे तो आत गेला तरी प्लाझ्माला फार त्रास देत नाही. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सियसला वितळतो आणि हलक्या आयनांच्या माऱ्याने फार कमी झिजतो. डायव्हर्टरमधल्या उष्णतेला तोंड द्यायला त्याच्यासारखा दुसरा धातू नाही.

त्याची वाईट बाजू जुनीच, माहीत असलेली होती. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या प्रिन्स्टन लार्ज टोरस या टोकामॅकमध्ये टंगस्टनचे लिमिटर, म्हणजे प्लाझ्माची कड अडवणारे ठोकळे, होते. तिथे प्लाझ्माचे तापमान मधोमध खाली आणि सभोवती वर, असे उलटे व्हायचे. ग्रॅफाइटचे लिमिटर लावल्यावर त्याच यंत्राने १९७८ मध्ये आयनांचे तापमान ६ कोटी अंशांपर्यंत नेले. त्यानंतर टंगस्टन बराच काळ मागे पडला. जर्मनीत गार्शिंगच्या अ‍ॅस्डेक्स अपग्रेड या टोकामॅकने १९९० च्या दशकात तो पुन्हा आणला आणि २००७ पर्यंत आपली सगळी भिंत टंगस्टनची केली. त्यांच्याकडे एक हत्यार होते: सूक्ष्मलहरींनी थेट केंद्रातले इलेक्ट्रॉन तापवण्याची सोय. जेटकडे ती नव्हती.

लाखात एक

टंगस्टनचा अणुक्रमांक ७४. तापमान ३ ते ४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे साडेतीन ते साडेचार कोटी अंश असेल, तर त्याचे ४५ च्या आसपास इलेक्ट्रॉन निघून जातात. पण २८-३० इलेक्ट्रॉन उरतात, आणि घोटाळा या उरलेल्यांचा आहे. आजूबाजूच्या तप्त इलेक्ट्रॉनांच्या धडकेने ते वरच्या पातळीवर जातात, खाली येताना अतिनील किंवा मृदू क्ष-किरण सोडतात, आणि हे किरण प्लाझ्मातून आरपार निघून जातात. आपण मोठ्या खर्चाने आत घातलेली उष्णता अशी क्षणात बाहेर जाते.

आकडेमोड करून पाहू. प्लाझ्मात घनमीटरला १०० अब्ज अब्ज इलेक्ट्रॉन असतील आणि दर दहा हजार इलेक्ट्रॉनांमागे टंगस्टनचा एक आयन असेल, तर या तापमानाला किरणांद्वारे होणारा ऱ्हास घनमीटरला साधारण १०० किलोवॅट येतो. जेटच्या प्लाझ्माचे आकारमान ८० घनमीटरच्या आसपास. म्हणजे सगळीकडे एवढा टंगस्टन असेल तर ८ मेगावॅट गेले, तेही बाहेरून घातलेल्या २५-३० मेगावॅटमधून. हाच टंगस्टन एकसारखा न पसरता मध्यभागी गोळा झाला, तर तिथे येणाऱ्या उष्णतेपेक्षा तिथून जाणारे किरण जास्त होतात. म्हणून दहा हजारात एक हे प्रमाण भावी अणुभट्टीसाठी घातक समजतात, आणि ते लाखात एक किंवा काही, इतपतच राखायचा प्रयत्न असतो. कार्बन शेकडा एक-दोन असला तरी प्लाझ्मा चालतो. टंगस्टनची मुभा त्याच्या हजारपट कमी आहे.

प्रयोगात काय दिसे

या अभ्यासासाठी मी ‘हायब्रिड’ म्हणून ओळखले जाणारे प्रयोग घेतले आहेत. यात प्लाझ्मातला विद्युतप्रवाह मध्यभागी सपाट ठेवतात, त्यामुळे केंद्रात ठरावीक काळाने होणारी करवतीच्या दात्यांसारखी पडझड, म्हणजे सॉटूथ, सुरुवातीला होत नाही. बंदिस्तपणा, म्हणजे उष्णता आत धरून ठेवण्याची क्षमता, चांगला मिळतो. टंगस्टनचे वागणेही इथे सर्वांत स्पष्ट दिसले.

उदासीन कणांचे झोत चालू केले की प्लाझ्मा एच-मोडमध्ये जातो. कडेला उष्णता अडवणारा अरुंद पट्टा तयार होतो, घनता आणि तापमान चढते. या टप्प्यात मृदू क्ष-किरणांच्या कॅमेऱ्यांवरून केलेल्या टोमोग्राफीत, म्हणजे प्लाझ्माच्या आडव्या छेदाच्या चित्रात, उत्सर्जन वर्तुळाकार नसते. बाहेरच्या बाजूला, म्हणजे कमी चुंबकीय क्षेत्राच्या अंगाला, चंद्रकोरीसारखा एक तेजस्वी पट्टा दिसतो. टंगस्टन आत आलेला असतो, पण मध्यापासून लांब थांबलेला असतो.

मग एक-दोन सेकंदांत मध्यभागाची घनता वाढू लागते आणि तिचा आलेख टोकदार होत जातो. चंद्रकोर आत सरकते. शेवटी ती विरून जाते आणि ऐन अक्षावर एक गोल, प्रखर ठिपका उरतो. इलेक्ट्रॉनांचे तापमान मध्यभागी आधी सपाट होते आणि मग खचते. न्यूट्रॉनांचा दर पडतो. कधी गोष्ट एवढ्यावर थांबते. कधी कडेपर्यंत पोहोचणारी शक्ती इतकी घटते की एच-मोड सुटतो. कडेचे एल्म, म्हणजे कडेच्या पट्ट्यातून वारंवार होणारे कणांचे आणि उष्णतेचे छोटे स्फोट, बंद पडतात, टंगस्टनला बाहेर काढणारे काही उरत नाही, आणि प्लाझ्मा विस्कळीत होऊन संपतो. एवढ्या मोठ्या यंत्रात असा शेवट भिंतीवर आणि आधाराच्या रचनेवर मोठा ताण टाकतो.

विशेष म्हणजे या दोन टप्प्यांत टंगस्टनचा उगम तेवढाच राहिला तरी आतला कारभार पूर्ण बदलतो. म्हणून उत्तर प्लाझ्माच्या आत शोधणे भाग होते.

उगम

तरी उगमाचे थोडक्यात सांगतो. ड्युटेरियमच्या आयनाला टंगस्टनचा अणू उडवायला २०० इलेक्ट्रॉनव्होल्टहून थोडी जास्त ऊर्जा लागते. डायव्हर्टरजवळचा प्लाझ्मा एरवी तेवढा तप्त नसतो. दोन एल्मच्या मधल्या वेळात टंगस्टन उडवतात ते मुख्यतः बेरिलियमचे आयन. ते जड असतात आणि एकाहून जास्त प्रभार घेऊन येतात, त्यामुळे भिंतीलगतच्या विद्युतदाबातून जास्त ऊर्जा मिळवतात. एल्मच्या वेळी मात्र आतल्या पट्ट्यातले तप्त ड्युटेरियम थेट येऊन आदळते आणि मोठा उगम तोच ठरतो. उडालेल्या अणूंपैकी बहुतेक पृष्ठभागाजवळच आयन होतात आणि पहिल्याच वळशात परत भिंतीला चिकटतात. जे उरतात ते थोडे, पण वर पाहिले तसे थोडेच पुरतात.

आत ओढणारा आणि बाहेर ढकलणारा

टोकामॅकमध्ये प्रभारित कण चुंबकीय रेषेला धरून फिरतात. रेषेला आडवे जायचे तर एक तर धडक लागते, नाहीतर प्रक्षुब्धता. धडकांमुळे होणाऱ्या वहनाला, कंकणाकृती भूमितीचे परिणाम धरून, निओक्लासिकल वहन म्हणतात. इंधनाच्या आयनांसाठी ते इतके क्षीण असते की प्रक्षुब्धतेपुढे त्याची फारशी दखल घ्यावी लागत नाही. टंगस्टनसाठी चित्र उलटते, कारण या वहनातला ओढा आयनाच्या प्रभाराच्या पटीत वाढतो आणि इथे तो प्रभार चाळिसाच्या पुढे आहे.

ओढ्याचे दोन भाग असतात. इंधनाची घनता केंद्राकडे वाढत असेल, तर टंगस्टन आत जातो. इंधनाचे तापमान केंद्राकडे वाढत असेल, तर तो बाहेर ढकलला जातो. या दुसऱ्या परिणामाला तापमानाचा अडसर म्हणू. दोघांचे एकमेकांशी प्रमाण सोप्या स्थितीत ठरलेले असते: प्लाझ्मा फिरत नसेल आणि इंधनाच्या आयनांत धडका विरळ असतील, तर तापमानाच्या उताराचे वजन घनतेच्या उताराच्या साधारण निम्मे.

हे किती तीव्र असते ते आकड्यांत पाहावे. टंगस्टनचा प्रभार ४० धरू. एखाद्या त्रिज्येपासून केंद्रापर्यंत इंधनाची घनता फक्त १० टक्क्यांनी वाढते आणि तापमान सपाट आहे. वहन समतोलाला पोहोचले तर टंगस्टनची घनता त्याच अंतरात १.१ च्या चाळिसाव्या घाताइतकी, म्हणजे सुमारे ४५ पट वाढलेली असेल. आता तापमानही त्याच अंतरात २१ टक्क्यांनी वाढते असे धरा. अडसर त्या ४५ पटीला पूर्ण खोडतो आणि टंगस्टन सपाट राहतो. तापमान आणखी थोडे टोकदार झाले तर मध्य स्वच्छ होऊ लागतो. इंधनाच्या आलेखात डोळ्यांना जेमतेम जाणवेल एवढा फरक, आणि टंगस्टनसाठी तोच जगण्या-मरण्याचा. जेटच्या प्रयोगांत सुरुवातीचा एखाद-दुसरा सेकंद चांगला का जाई, याचे मूळ इथे आहे. तेव्हा घनता सपाट किंवा मध्यभागी किंचित खोलगट असते. ती टोकदार झाली की पारडे फिरते.

आणि ती टोकदार का होते? कारण तापवणारे झोत नुसती उष्णता आणत नाहीत. सुमारे १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या ड्युटेरियम कणांचा २५ मेगावॅटचा झोत दर सेकंदाला जेटच्या प्लाझ्मातल्या एकूण कणांच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतके नवे कण आत सोडतो, आणि त्यांतले बरेचसे खोलवर. मध्यभागी इंधन भरले जाते, घनतेला टोक येते. हाच झोत आयनांना तापवून अडसरही बळकट करतो. म्हणजे रोग आणि औषध एकाच नळीतून येत होते. आणि या झोताचा तिसरा परिणाम बराच काळ कमी लेखला गेला होता.

फिरणारा प्लाझ्मा

झोत एका दिशेने आत येतात, त्यामुळे प्लाझ्मा कंकणाच्या लांबीच्या दिशेने गरगर फिरू लागतो. वेगाने वळणाऱ्या बसमध्ये उभा असलेला माणूस जसा बाहेरच्या बाजूला रेटला जातो, तसे फिरत्या प्लाझ्मातले जड आयन बाहेर रेटले जातात. ड्युटेरियमवर हा परिणाम किरकोळ असतो. टंगस्टन त्याच्या ९२ पट जड आहे. त्याच तापमानाला त्याचा स्वतःचा औष्णिक वेग जवळपास दहापट कमी, पण फिरण्याचा वेग मात्र सगळ्यांइतकाच. ड्युटेरियम आपल्या औष्णिक वेगाच्या एक तृतीयांश वेगाने फिरत असेल, तर टंगस्टन स्वतःच्या औष्णिक वेगाच्या तिप्पट वेगाने फिरत असतो. साहजिकच तो चुंबकीय पृष्ठभागावर (चुंबकीय रेषांनी विणलेल्या नळीवर) सारखा पसरत नाही आणि बाहेरच्या अंगाला गर्दी करतो. टोमोग्राफीतली चंद्रकोर ती हीच.

ही चंद्रकोर केवळ दिसण्याची बाब असती तर तिच्यावर एवढे लिहिले नसते. टंगस्टन एका बाजूला गोळा झाला की निओक्लासिकल वहनच बदलते. ते दहापटीपर्यंत, कधी त्याहून जास्त वाढू शकते; आणि धडकांचे प्रमाण कसे आहे यावर तापमानाचा अडसर दुबळा होतो की बळकट, हे ठरते. गार्शिंगच्या मॅक्स प्लँक प्लाझ्माभौतिकी संस्थेतले क्लेमेंते अँजिओनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जेटच्या हायब्रिड प्रयोगांचे जे विश्लेषण मांडले, त्यात निओक्लासिकल आणि प्रक्षुब्ध अशा दोन्ही वहनांच्या गणितात ही असमानता धरली होती. ती धरल्यावरच गणितातले टंगस्टनचे द्विमितीय चित्र मोजलेल्या चित्राशी जुळले. आधी बाहेरच्या बाजूची चंद्रकोर, मग केंद्राकडचा प्रवास: दोन्ही टप्पे मूळ समीकरणांतून आले. मला हा या प्रकरणातला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. कारण इथून पुढे ‘टंगस्टन जमतो’ या निरीक्षणाची जागा ‘अमुक उतार आणि अमुक वेग असेल तर टंगस्टन अमुक बाजूला जाईल’ या भाकिताने घेतली. यंत्र चालवणाऱ्यांना काहीतरी हातात आले.

प्रक्षुब्धतेचे काम वेगळे. तिच्या भोवऱ्यांना आयनाच्या प्रभाराची फारशी पर्वा नसते. ते सगळ्यांना ढवळतात आणि आलेख सपाट करतात. मधल्या त्रिज्यांवर त्यांचा जोर निओक्लासिकल ओढ्याला पुरून उरतो. पण अक्षाजवळ तापमानाचे उतार सौम्य असतात, भोवरे मंदावतात, आणि त्या छोट्या भागात निओक्लासिकल ओढ्याला मोकळे रान मिळते. टंगस्टन नेमका तिथेच साचतो.

आणखी एक गोष्ट. हायब्रिड प्रयोगांत बरेचदा एखाद्या त्रिज्येवर चुंबकीय बेटे, म्हणजे चुंबकीय रेषांचे स्वतःभोवती मिटलेले कप्पे, तयार होत. अशी बेटे उठली की टंगस्टनचा आत जाण्याचा वेग वाढे. बेटाच्या जागी तापमान आणि घनता दोन्ही सपाट होतात, म्हणजे अडसर तिथे तुटतो आणि बाहेर थांबलेल्या टंगस्टनला आतली वाट मिळते. घनता टोकदार होण्याच्या वेळीच बेट उठले तर प्लाझ्मा सावरणे फार कठीण जाई.

पहिला उपाय: जास्त वायू, जास्त एल्म

२०११ नंतर सर्वांत आधी हाताशी आला तो सरळ उपाय. कडेला जास्त ड्युटेरियम वायू सोडायचा. डायव्हर्टरजवळचा प्लाझ्मा थंड होतो, टंगस्टन कमी उडतो. शिवाय एल्म वारंवार येतात आणि प्रत्येक एल्म कडेच्या पट्ट्यात साचलेला टंगस्टन बाहेर फेकतो. एल्म लांबले की टंगस्टनला आत सरकायला वेळ मिळतो. सेकंदाला काही डझन एल्म राहिले तर तो कडेलाच निपटतो.

किंमत मात्र मोजावी लागली. जास्त वायूने कडेचा पट्टा थंड पडला आणि सुरुवातीच्या बेसलाइन, म्हणजे नेहमीच्या पद्धतीच्या, प्रयोगांत बंदिस्तपणा अपेक्षेच्या सुमारे ८० टक्क्यांवर आला. प्लाझ्मा सुरक्षित राहिला, पण ज्या कामगिरीसाठी यंत्र उभे आहे तीच घटली. मला हा उपाय तात्पुरताच वाटतो. तो उगम आटवतो आणि दार झाडतो. आतल्या ओढ्याची दिशा बदलत नाही.

दुसरा उपाय: केंद्र तापवणे

दिशा बदलायची तर केंद्रात उष्णता हवी, कण नकोत. जेटकडे यासाठी रेडिओलहरी होत्या. प्लाझ्मात शेकडा काही टक्के साधे हायड्रोजन मिसळायचे आणि त्याचे आयन चुंबकीय रेषेभोवती ज्या वारंवारतेने फिरतात तिच्याशी (सायक्लोट्रॉन वारंवारतेशी) जुळणारी लहर सोडायची. २.७५ टेस्ला क्षेत्रात ही वारंवारता ४२ मेगाहर्ट्झ येते. हायड्रोजनचे थोडे आयन प्रचंड ऊर्जा घेतात आणि ती मुख्यतः इलेक्ट्रॉनांना देतात, तीही अगदी केंद्रात.

४ ते ६ मेगावॅट एवढ्या तुलनेने लहान शक्तीने काय काय साधले पाहा. केंद्रातले तापमान टोकदार होते आणि अडसर बळावतो. अक्षाजवळची प्रक्षुब्धता जागी होते आणि साचलेला टंगस्टन ढवळून बाहेर निघतो. घनतेचे टोक बोथट होते. किरणांनी जाणाऱ्या उष्णतेची थेट भरपाई होते. आणि चंद्रकोरीवरही परिणाम होतो: हे वेगवान हायड्रोजन आयन बाहेरच्या अंगाला अडकून घोळत राहतात, तिथला धन प्रभार किंचित वाढवतात, आणि ४० हून जास्त धन प्रभार असलेल्या टंगस्टनला तेवढा विद्युतदाबही आतल्या अंगाकडे ढकलायला पुरतो. फिरण्याने निर्माण केलेली असमानता काही अंशी खोडली जाते. जिथे सॉटूथ चालू असतात तिथे ही उष्णता त्यांना टिकवून धरते, आणि टंगस्टन मध्यभागी चढा असेल तेव्हा प्रत्येक सॉटूथ त्याला बाहेर उधळतो.

एक अट आहे. लहरीची उष्णता अक्षाच्या अगदी जवळ पडली पाहिजे. ती थोडी जरी बाजूला पडली तर फायदा झपाट्याने घटतो, कारण टंगस्टनचा अड्डा लहान त्रिज्येत आहे. शिवाय अँटेनाजवळचे विद्युतक्षेत्र काही पृष्ठभागांवरून जास्तीचा टंगस्टन उडवते. उगम थोडा वाढला तरी हरकत नाही, वहन आपल्या बाजूचे असले पाहिजे, असा हा सौदा होता. तो फायद्याचा ठरला.

कडेलाच अडवलेला टंगस्टन

तापमानाचा अडसर केंद्रात काम करतो, तर कडेच्या पट्ट्यात का करू नये? एच-मोडच्या कडेला तापमानाचा उतार सर्वांत तीव्र असतो. अडचण अशी की घनतेचा उतारही तिथेच तीव्र असतो, आणि आजवरच्या यंत्रांत घनतेचीच सरशी होत आली. भौतिकशास्त्रज्ञ राल्फ डक्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये गणिताने दाखवले की इटरमध्ये उलटे होईल. तिथे सीमेबाहेरची घनता मुळात जास्त असेल, कडेचा घनतेचा उतार सौम्य असेल, तापमान खूप चढेल, आणि टंगस्टन दारातच बाहेर ढकलला जाईल. पण हे गणित होते. प्रत्यक्षात ते कुणी पाहिले नव्हते.

जेटच्या शेवटच्या वर्षांत ते दिसले. हायब्रिड प्रयोगांची सुरुवात नव्याने आखली गेली. सुरुवातीला वायू कमी, घनता कमी, आणि ३२ मेगावॅटहून जास्त शक्ती, जेणेकरून कडेच्या पट्ट्यात आयनांचे तापमान पुरेसे चढावे. जलद बोलोमीटरवरून, म्हणजे किरणांनी जाणारी एकूण शक्ती मोजणाऱ्या उपकरणांवरून, टंगस्टनचा ओघ एल्मच्या आत आणि दोन एल्मच्या मध्ये असा वेगवेगळा मोजला. दोन एल्मच्या मध्ये टंगस्टन बाहेर जात होता. आणि एल्मच्या वेळी त्यातला काही परत आत येत होता.

हे वाचून मी थांबलो होतो. जास्त वायूच्या प्रयोगांत एल्म हा झाडू होता. तो नसेल तर प्लाझ्मा मरे. अडसर बसलेल्या प्लाझ्मात हाच एल्म दार उघडून घाण आत घेतो. एल्म तोच, पण त्याच्या आधी टंगस्टन पट्ट्याच्या कोणत्या बाजूला साठला होता, त्यावर त्याचा परिणाम ठरतो. साठा आत असेल तर ढवळणे फायद्याचे, साठा बाहेर असेल तर तोट्याचे. फिरण्याचेही तसेच झाले. मध्यभागी शत्रू ठरलेला वेग, विरळ धडकांच्या या तप्त कडेला अडसराला जोर देतो. ‘एल्म चांगले’ किंवा ‘फिरणे वाईट’ असे कोरडे नियम बांधणे किती धोक्याचे असते, ते इथे दिसते.

डिसेंबर २०२१ मध्ये जेटने टंगस्टन-बेरिलियमच्या भिंतीत, ड्युटेरियमचे झोत आणि ट्रिटियमने समृद्ध प्लाझ्मा वापरून, ५ सेकंदांत ५९ मेगाज्यूल संलयनऊर्जा मिळवली. ३ ऑक्टोबर २०२३ ला हा आकडा ६९ मेगाज्यूलवर गेला, अवघ्या ०.२ मिलिग्रॅम इंधनातून. १९९७ मध्ये कार्बनच्या भिंतीत जास्तीत जास्त मिळाली होती २२ मेगाज्यूल. ज्या भिंतीत सुरुवातीला प्लाझ्मा दोन-चार सेकंदांत गुदमरत होता, तिथेच तिप्पट ऊर्जा निघाली. डिसेंबर २०२३ मध्ये जेट बंद झाला.

इटरकडे

इटरने २०२३ मध्ये मुख्य कक्षातला बेरिलियम सोडून तिथेही टंगस्टन घेण्याचे ठरवले, आणि त्यासोबत केंद्रातले इलेक्ट्रॉन तापवणाऱ्या सूक्ष्मलहरींची शक्ती वाढवण्याचे. या प्रकरणाच्या आधारे ही निवड मला समजते. इटरचे झोत १ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे असतील, म्हणजे तेवढ्याच शक्तीला जेटच्या तुलनेत सुमारे एक दशांश कण आत येतील आणि घनतेला टोक येण्याचे मोठे कारण जाईल. एवढा प्रचंड प्लाझ्मा हे झोत फारसा फिरवूही शकणार नाहीत, त्यामुळे असमानता कमी. संलयनातून निघणारे अल्फा कण केंद्रातल्या इलेक्ट्रॉनांना तापवतील, म्हणजे रेडिओलहरींचे काम प्लाझ्मा स्वतः करील. कडेला डक्स यांचा अडसर अपेक्षित आहे. पूर्ण शक्तीवर स्थिर चाललेला इटर टंगस्टनच्या बाबतीत जेटपेक्षा सोपा जाण्याची चिन्हे आहेत.

धोका उरतो तो चढताना आणि उतरताना. प्लाझ्मा थांबवायला घेतला की संलयन झपाट्याने पडते, अल्फा कणांची उष्णता जाते, कडेचे तापमान घसरते आणि अडसर ढिला होतो. पण घनता तेवढ्या वेगाने उतरत नाही. काही सेकंद तापमानाचा उतार गेलेला आणि घनतेचा राहिलेला, अशी स्थिती येते, आणि त्याच वेळी एच-मोड सुटून एल्म थांबलेले असू शकतात. म्हणून इटरच्या थांबण्याच्या आराखड्यांत सूक्ष्मलहरी शेवटपर्यंत चालू ठेवण्यावर, शक्ती पायऱ्या-पायऱ्यांनी उतरवण्यावर आणि एच-मोडमधून हळूहळू बाहेर पडण्यावर भर आहे. संलयन थांबल्यानंतरही केंद्र तापवत राहायचे, घनता उतरेपर्यंत.